धुळ्याचं झाड आणि राजकुंवरबाईंचा नियम

गादीवाल्याच्या घरात राहायचं तर कापसाशी वैर धरून चालत नाही, हे राजकुंवरबाई लग्न होऊन जळगावात आल्या त्याच वर्षी शिकल्या. दलिचंदजींचं गादीघर खाली आणि घर वर. सकाळी पिंजणयंत्र सुरू झालं की कापसाचे तंतू जिन्याने वर चढायचे, काही दलिचंदजींच्या सदऱ्यावर बसून यायचे, आणि जागा मिळेल तिथे ठाण मांडायचे. घड्याळावर, पापडाच्या डब्यावर, दुपारी आडव्या झालेल्या माणसाच्या भुवईवरसुद्धा. राजकुंवरबाई दिवसातून तीनदा फडकं मारायच्या. कापूस काही हटायचा नाही. मग त्यांनी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं.

बाकी कशाकडे मात्र त्यांचं दुर्लक्ष नसे. बाई नियमाच्या पक्क्या. सूर्य बुडाला की तोंडात घास नाही, पाणी गाळून आणि उकळून, आणि चालत्या-फिरत्या जिवाला जाणूनबुजून मारायचं नाही, हा नियम त्यांनी तरुणपणीच जैन स्थानकात महासतीजींसमोर, म्हणजे साध्वींसमोर, हात जोडून घेतलेला. घेणारे पुष्कळ घेतात, पाळणारे आपल्या सोयीने पाळतात. राजकुंवरबाईंनी तो अक्षरशः पाळला. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर डबा गच्चीत सावलीला उघडा ठेवायचा, शेजारी गुळाचा खडा टाकायचा, आणि मुंग्या आपल्या पायांनी बाहेर जाईपर्यंत घरात सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायचा. दलिचंदजी कुरकुरत, पण पीत.

असल्या घरात प्रियल सून म्हणून आली. धुळ्याची. शिकलेली, कानाला यंत्र लावून घरबसल्या कुठल्याशा कंपनीचं काम करणारी. सासू-सुनेचं भांडण एकदाही झालं नाही, आणि याचं शेजारच्या बायकांना फार कौतुक. खरी गोष्ट अशी की भांडायला आधी बोलावं लागतं, आणि या दोघी ‘मम्मीजी, जेवण झालं का’ आणि ‘हो, तू बस’ याच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. दोघींनाही ते खुपत होतं. सुरुवात कुणी करायची, एवढाच प्रश्न होता.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्रियलचे वडील बन्सीलालजी गेले. धुळ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक झाड होतं. पाच बारीक खोडं मुलीच्या वेणीसारखी एकमेकांत गुंफलेली, वर हाताच्या पंजासारखी पानं. मनी ट्री म्हणतात. दुकानात लक्ष्मी टिकावी म्हणून कुणी व्यापाऱ्याने त्यांना भेट दिलं होतं. लक्ष्मीचं काय झालं ते असो, बन्सीलालजींचा जीव मात्र त्या झाडावर जडला. गिऱ्हाईक उभं ठेवून ते पानं पुसत. ते गेल्यावर प्रियलच्या आईला झाड नजरेसमोर नकोसं झालं, तेव्हा प्रियलने ते जळगावला आणलं. पूर्ण रस्ताभर कुंडी मांडीवर धरून आली आणि दिवाणखान्यात पूर्वेच्या खिडकीशी, पातळ पडद्याच्या आड ठेवली. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती त्या झाडापाशी थोडा वेळ उभी राही. राजकुंवरबाई स्वयंपाकघरातून बघत आणि बघितलं नाही असं दाखवत.

आषाढात प्रियल पहिल्या बाळंतपणाला धुळ्याला निघाली. पिशव्या गाडीत गेल्या, नवरा अनुज खाली हॉर्न वाजवत होता, आणि ही दारातून परत आत आली.

“मम्मीजी, आईला ते झाड बघवत नाही, म्हणून इथेच ठेवून जाते. एवढं सांभाळाल का?”

सुनेने आजवर काही मागितलं नव्हतं, हे पहिलंच. राजकुंवरबाई म्हणाल्या, “सांग काय करायचं ते.”

प्रियलने तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. मातीत बोट खुपसायचं, दोन पेरं आत. कोरडं निघालं तर पाणी, ओलं निघालं तर झाड कितीही मलूल दिसो, पाणी नाही, नाहीतर मुळं कुजतात. कडक ऊन नको, कुलरचा वारा तर नकोच. पानं ओल्या फडक्याने पुसायची, आणि अधूनमधून कुंडी जराशी फिरवायची, म्हणजे झाड एका अंगाला झुकत नाही.

राजकुंवरबाईंनी हे नियमासारखंच अंगावर घेतलं. रोज अंघोळ झाली की मातीत बोट. बोअरच्या खारट पाण्याने पानांची टोकं करपतात असं प्रियल म्हणाली होती, म्हणून त्या आपल्यासाठी उकळून गार केलेलं पाणी त्यालाही घालू लागल्या.

“उकळलेलं पाणी पितं, वाऱ्यापासून जपतं,” दलिचंदजी म्हणाले, “आता त्याला दीक्षाच देऊन टाका.”

“तुम्ही आधी सदरा झटका,” बाई म्हणाल्या. “झाडावर सगळा कापूस पडलाय तुमचा.”

आणि पडलाच होता. पानांच्या बेचक्यात, देठांच्या मुळाशी, वेणीच्या पेडात पांढरे पांढरे पुंजके. राजकुंवरबाईंनी मोठी पानं पुसली आणि पुंजके तसेच राहू दिले. कापूस कापसाच्या घरात नाही बसणार तर कुठे बसणार? दुसऱ्या कुठल्याही गावच्या बाईने ते बघून कपाळाला हात लावला असता. यांनी नवऱ्याला चार शब्द सुनावले आणि पुढच्या कामाला लागल्या.

श्रावण लागला. धुळ्याहून फोन आला, मुलगी झाली. घरात पेढे वाटले. त्याच दिवशी आनंदाच्या भरात राजकुंवरबाईंनी झाड जरा नीट करावं म्हणून बेचक्यातला एक पुंजका चिमटीत धरला, आणि तो त्यांच्या बोटावर चालू लागला.

त्यांनी हात तसाच धरून ठेवला. चष्मा आणला. पिठात लोळवल्यासारखा एवढासा किडा, त्याला पाय, आणि तो सावकाश नखाच्या दिशेने निघालेला. मग त्यांनी झाडाकडे बघितलं. सगळे पुंजके जिवंत होते. पानं चिकट झाली होती, खालची पिवळी पडली होती, आणि वेणीवरून मुंग्यांची रांग चालली होती.

घरकामाला येणारी कुंदाबाई धरणगावकडची, कपाशीत वाढलेली. तिने एकदा डोकावून बघितलं. “शेठाणी, हाऊ तं पिठ्या शे. कपाशीवर पडस. औसद मारा, नही तं बठ्ठं झाड मरी जाई.”

“औषध मारायचं नाही,” राजकुंवरबाई म्हणाल्या. अनुज दुकानातून बाटली आणतो म्हणाला, त्यालाही तेच. नियम मोडायचा नाही, ऐन चातुर्मासात तर मुळीच नाही. पण झाड मरू द्यायचं, हेही त्यांना जमेना. तेही जीवच, आणि वर सुनेच्या गेलेल्या बापाचं. सुनेने विश्वासाने दिलेली एकुलती एक वस्तू आपल्या हातात मरते आहे, या विचाराने त्यांना जेवण जाईना. प्रियल व्हिडिओवर बाळ दाखवी आणि शेवटी म्हणे, “मम्मीजी, झाड दाखवा ना.” मग राजकुंवरबाई फोन लांब धरून चांगली बाजू तेवढी दाखवीत. आयुष्यात त्या खोटं असं कधी बोलल्या नव्हत्या, आणि आताही बोलत नव्हत्या. फक्त फोन फिरवत होत्या. लाज मात्र वाटायची.

शेवटी त्या स्थानकात गेल्या. चातुर्मासाला आलेल्या महासतीजींना वंदन करून त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू? महासतीजी शांतपणे म्हणाल्या, “बहेन, संसाराच्या अशा कामात मी ‘कर’ म्हणू शकत नाही. तू विवेकाने वाग.” साधूंनी गृहस्थाला असं काही करायला सांगायचं नसतं, हे राजकुंवरबाईंनाही माहीत होतं. तरी कुणीतरी सांगावं असं वाटत होतं. त्या रिकाम्या हाताने परत आल्या.

येता येता मात्र त्यांना युक्ती सुचली. सामायिकाला, म्हणजे घडीभराच्या ध्यानाला बसताना जागेवरचे बारीक जीव अलगद बाजूला सारायला लोकरीची मऊ पुंजणी असते. ती कशासाठी असते? यासाठीच तर! दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झाडापुढे बसल्या. पुंजणीच्या टोकाने एकेक किडा हळूच सोडवायचा, कागदावर घ्यायचा, कागद भरला की उठायचं. हाताला रग लागायची, मान अवघडायची. पण एकही जीव दुखावला नाही याचं समाधान मोठं होतं.

आता कागदावरच्यांना कुठे सोडायचं? फरशीवर सोडलं तर उपाशी मरतील. त्यांना झाड पाहिजे. मागच्या गॅलरीला लागूनच शेजारच्या जीवराम नानांच्या अंगणातली जास्वंद होती. चांगली दोन पुरुष उंच, हिरवीगार, फांद्या कठड्यापर्यंत आलेल्या. राजकुंवरबाईंनी कागद त्या फांदीवर अलगद झटकला. “जा, सुखाने राहा,” असंही म्हणाल्या. मग हे रोजचंच झालं. दलिचंदजींनी एकदा विचारलं, तर बाई म्हणाल्या, “त्यांची सोय लावून दिली.” आपण काय करतोय हे त्या भल्या बाईच्या खरंच ध्यानात आलं नाही. स्वतःच्या घरातला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणाऱ्या बायकांना त्यांनीच कितीदा बोल लावला होता.

इकडे झाडही पुरतं सुधारेना. आज वेचले की चार दिवसांनी तेवढेच पुन्हा. वेणीतलं एक खोड मऊ पडलं, मग दुसरं. राजकुंवरबाई वेचत राहिल्या.

श्रावण सरता सरता पर्युषण आलं, भाद्रपदात संवत्सरीचा उपवास झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिवाजाप्रमाणे खमतखामणा करायला बाहेर पडल्या. वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची. नातेवाईक झाले, गल्ली झाली, आणि दरवर्षीसारख्या त्या जीवराम नानांच्या अंगणात गेल्या. नाना एसटीतून निवृत्त झालेले, गणपतीचे भक्त. रोज सकाळी जास्वंदीचं पहिलं फूल देवाला वाहिल्याशिवाय ते चहा घेत नसत.

नाना पाठीला फवारणीचा पंप लावून उभे होते. समोर जास्वंद होती, म्हणजे तिच्या काड्या उरल्या होत्या. पानं गळालेली, शेंडे आकसलेले. बुंध्याशी ओल्या मातीत पांढरे किडे मरून पडले होते, आणि फडक्यावर पीठ सांडावं तसे ते सगळीकडे होते.

“नाना, वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल तर खमतखामणा,” राजकुंवरबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्यांनी नीट बघितलं.

“तुम्हनं काय चुकनार भाभी,” नाना पंप खाली ठेवत म्हणाले. “हाई दखा. ह्या किडा कोठेन वनात काय माहीत. बठ्ठी जास्वंद खाई टाकी. गणपती बसना, अन् घरना झाडनं एक फूल त्याले भेटनं नही. बजारमाईन इकत लई येनं पडनं.”

राजकुंवरबाईंना तिथून निघून जाता आलं असतं. शब्द तर बोलून झालेच होते. पण जोडलेले हात त्यांना सोडवेनात. “नाना, ते मी टाकलेत,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरच्या झाडावरचे. रोज. मारायचे नाहीत म्हणून तुमच्या झाडावर सोडले.”

नानांना समजायला वेळ लागला. ते एकदा गॅलरीकडे बघत, एकदा जास्वंदीकडे. रागवावं की हसावं हे त्यांचं ठरेना. शेवटी ते म्हणाले, “म्हंजे भाभी, पुण्य तुम्ही लिधं, अन् पाप मना पंपले दिधं.”

आणि ते हसले. नाना मनाचे मोठे, त्यांनी ते तिथल्या तिथे सोडून दिलं, चहाही विचारला. पण राजकुंवरबाईंना ते वाक्य घरापर्यंत पुरलं. एकही जीव मेला नाही म्हणून रोज दुपारी त्या समाधानाने उठत होत्या. सगळेच मेले होते. वर दुसऱ्याचं झाड गेलं, देवाचं फूल गेलं, आणि मारायचं काम त्यांनी एका शेजाऱ्याच्या गळ्यात घातलं होतं. आपला नियम एवढी वर्षं असाच तर पाळला गेला नाही ना, अशी शंका आली आणि त्यांना फार वाईट वाटलं. गव्हात किडे झाले की पोतं कुंदाबाईला देऊन टाकायचं, दुरुस्तीला आलेल्या गादीत ढेकूण निघाले की ती गिऱ्हाइकाने दुसरीकडे न्यायची. पुढे काय होतं हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

पारणं उरकल्यावर त्यांनी वाटीत साबणाचं पाणी केलं. जुना मऊ ब्रश घेतला, फडकं घेतलं, कुंदाबाई पुढे झाली तिला मागे सारलं.

“मी करस ना शेठाणी.”

“नको. झाड माझ्या हवाली केलंय, तुझ्या नाही.”

एकेक पान धरून, वरून-खालून, बेचक्यात ब्रश घालून त्यांनी ते किडे मारले. मारले असाच शब्द त्यांनी मनात वापरला, दुसरा सौम्य शब्द शोधला नाही. पहिल्या पानाला क्षमा मागत ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाल्या, पुढे तेही म्हणवेना, नुसत्या पुसत राहिल्या. कुजलेली दोन खोडं कापून टाकली. आठ-आठ दिवसांनी पुन्हा तेच. कार्तिक जवळ येईपर्यंत उरलेल्या तीन खोडांना पोपटी पालवी फुटली. मधल्या काळात त्यांनी महासतीजींपुढे जाऊन आलोचना केली, म्हणजे झालेलं सगळं कबूल केलं. करायला काय हवं ते साधू सांगत नाहीत, पण झालेल्याचं प्रायश्चित्त देतात. आयंबिल मिळाली, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं आणि तेही तेल-तूप, मीठ-मिरची, गोड-आंबट काही नसलेलं. सांगितल्यापेक्षा जास्तच त्यांनी करायला घेतली. नानांच्या अंगणात जास्वंदीचं नवं रोप लावून आल्या.

दिवाळीच्या आधी प्रियल बाळाला घेऊन आली. ओवाळणं झालं, बाळ आजोबांच्या मांडीवर गेलं, आणि ती खिडकीपाशी गेली. राजकुंवरबाई तिच्या मागे उभ्या राहिल्या. फोन कसाही फिरवता येतो, झाड फिरवून उपयोग नव्हता.

“दोन गेली,” त्या म्हणाल्या. “कीड पडली होती. मला वाटलं कापूस आहे. मग कळलं तरी उशीर केला. फोनवर तुला चांगली बाजू दाखवत राहिले, तेही चुकलं.”

 कापलेल्या खोडांच्या जागी प्रियलने बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि राजकुंवरबाईंना वाटलं, संपलं. एवढं एकच मागितलं होतं पोरीने.

जेवायला बसले तेव्हा सासूच्या ताटात अळणी मूग आणि कोरडी भाकरी बघून प्रियलने विचारलं, आज कुठली तिथी? दलिचंदजी म्हणाले, “तिथी कसली? तुझ्या झाडावरचे किडे मारले स्वतःच्या हाताने. साबणाच्या पाण्याने. तेव्हापासून चाललंय हे.” प्रियलचा हात ताटातच राहिला. मुंग्यांसाठी घरादाराला बिनसाखरेचा चहा पाजणारी ही बाई तिने दोन वर्षं बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ झोपलं होतं. राजकुंवरबाई पानं पुसत होत्या, आणि नव्या पालवीच्या खाली एक पांढरा ठिपका दिसला. त्यांनी चष्म्यातून खात्री केली. कापूस नव्हता. त्या मुकाट्याने वाटी आणायला उठल्या.

“मम्मीजी, थांबा,” प्रियल म्हणाली. “मी करते. तुमचा नियम आहे.”

“तू बाळंतीण. तुझ्या हातून कशाला? माझ्या हातून झालंच आहे, पुढेही होईल.”

प्रियल म्हणाली, “पप्पांच्या दुकानातही याला कीड पडायची. पप्पा ते माणसाबरोबर नर्सरीत पाठवून द्यायचे. चार दिवसांनी स्वच्छ होऊन यायचं. तिथे काय करतात ते त्यांनी कधी विचारलं नाही, मीही नाही.” ती खाली बसली, सासूच्या हातातलं फडकं घेऊन मधोमध फाडलं आणि एक तुकडा आपल्याकडे ठेवला. “यातलं अर्धं माझं धरा.”

पाप असं वाटून घेता येत नाही. एकाने केलेलं कर्म दुसऱ्याच्या खात्यात जात नाही, हे राजकुंवरबाईंना लहानपणापासून पाठ होतं. स्थानकातल्या नव्या सुनांना त्यांनीच ते कितीदा समजावलं होतं. आताही ओठांवर आलं. समोर प्रियल वाटीत फडकं बुडवून पिळत होती, आणि पहिलं पान तिने हातात धरलंही होतं.

राजकुंवरबाई तिच्या शेजारी बसल्या आणि कुंडी दोघींच्या मध्ये ओढून घेतली.

“देठाच्या बेचक्यात बघ,” त्या म्हणाल्या. “तिथे दडतात.”